‘सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही,’ असं माझा दीर म्हणतो

ताई, नमस्कार.

आमचं गाव जंगलाला लागून आहे. घरं ८४. सहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसभेला ४१२ हेक्टरचा सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला. त्या दिवशी गावात ढोल वाजले होते. आता तो कागद जंगल सांभाळणाऱ्या गावच्या समितीच्या जुन्या अध्यक्षांच्या घरी पेटीत आहे. सहा वर्षांत तीन वेळा बांबू विकला, हिशेब एकदाच ऐकला. गेल्या वर्षी मला समितीची सचिव केलं, कारण बायकांमधली बारावी झालेली मी एकटी.

माझा धाकटा दीर म्हणतो, “सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. ४१२ ला ८४ नं भागा, घरटी बारा एकर येते. ज्याची त्याला द्या, मग बघा कसं राखतात.” गावातली निम्मी पोरं त्याच्या बाजूनं आहेत. एक ठेकेदारही फिरतो आहे. वाटणी झाली की घरटी स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांसाठी लिहून द्या, आगाऊ रक्कम देतो, असं सांगतो. मागच्या महिन्यात सरपंचांच्या ओट्यावर बैठक झाली. चाळीसेक माणसं होती, त्यात बाया आम्ही चौघी. हात वर करून वाटणीचा ठराव झाला. मी हात वर केला नाही. तेव्हापासून दीर माझ्याशी बोलत नाही, आणि मी घर फोडते आहे असं सासूबाई म्हणतात.

दिराचं दुःख मला कळतं. घरची जमीन दोन एकर, भाऊ दोन. तो जंगलातला एक तुकडा सासऱ्यांच्या वेळेपासून कसतो, पण त्याचा दावा फेटाळला गेला. मला वाटतं जंगल एकत्रच राहावं. पण का, ते मला नीट सांगता येत नाही. काय करू?

– एक सचिव

---

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. कागद पेटीत आहे आणि हिशेब एकदाच ऐकला, हे ते वाक्य. तुमच्या दिराच्या म्हणण्याचं उत्तर तिथेच आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

दीर म्हणतो ते तुमच्या गावाच्या गेल्या सहा वर्षांपुरतं खरं आहे. फक्त त्यानं नाव चुकीचं दिलं. या सहा वर्षांत ते जंगल सगळ्यांचं नव्हतंच. पेटी ज्यांच्या घरात होती, त्यांचं ते होतं. बांबू कितीला गेला, कुणी मोजला, पैसे कुठल्या खात्यात पडले, हे ज्याला माहीत तो मालक. बाकीच्या ऐंशी-ब्याऐंशी घरांच्या वाट्याला ढोल आले आणि मजुरी आली. अशा वेळी वाटणी मागणारा पोरगा जंगलाचा वैरी असतो असं मी मानत नाही. त्याला वाटा हवा आहे. सगळ्यांचं म्हणून जे आहे त्यात आपल्याला काहीच मिळत नाही, हे त्यानं पाहिलं, आणि सुचला तो एकच उपाय तो बोलून दाखवतो आहे.

आता ओट्यावरच्या बैठकीचं. तो ठराव म्हणजे ठराव नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा ग्रामसभेला गावातल्या निम्म्या प्रौढ माणसांची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. ८४ घरांच्या गावात चाळीस डोकी आणि त्यात चार बाया, म्हणजे गणपूर्तीच नाही. हे गावात भांडण म्हणून सांगू नका. नियमाचं पुस्तक घेऊन बसा आणि तेवढी ओळ मोठ्यानं वाचा. ग्रामपंचायतीची ग्रामसभा आणि वनहक्काची ग्रामसभा यांतही लोक गल्लत करतात. पट्टा ज्या गावाच्या किंवा टोल्याच्या, म्हणजे पाड्याच्या, नावे आहे, तिथली सगळी प्रौढ माणसं म्हणजे ती ग्रामसभा. सरपंचांचा ओटा ही बसायची जागा झाली, अधिकार त्या ओट्याला नाही.

आणि गणपूर्ती झाली असती तरी वाटणी झाली नसती. २००६ च्या कायद्यानं मिळालेला हक्क वारशानं पुढे जातो, पण तो विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सामूहिक पट्ट्यानं गावाला जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, सांभाळण्याचा हक्क मिळतो. बांबू, तेंदू, मोह, डिंक, मध अशा गौण वनोपजाची मालकी मिळते. ते गोळा करून विकण्याचा अधिकार मिळतो. जमिनीचे तुकडे पाडून घरटी सातबारे काढण्याचा अधिकार त्यात नाही. म्हणजे दीर ज्या बारा एकरांचं गणित मांडतो आहे, ते एकर कागदावर कधी उतरणारच नाहीत. कायदा तर वैयक्तिक दाव्यातही चार हेक्टरच्या पुढे जात नाही, आणि तेही प्रत्यक्ष कसत असलेली जमीन असेल तरच.

मग तो ठेकेदार स्टॅम्प पेपर कशासाठी घेऊन फिरतो आहे? ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्याकडून तो जमीन लिहून घेऊ शकत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला ८४ सह्या हव्यात, कारण ८४ वेगवेगळ्या माणसांशी भाव ठरवणं एका ग्रामसभेशी भाव ठरवण्यापेक्षा सोपं असतं. ज्याच्या घरात आजार आहे, लग्न आहे, तो आधी सही करतो, आणि त्याला मिळालेली रक्कम मग सगळ्या गावाचा भाव होऊन बसते. शिवाय नियमच सांगतो की वाहतूक परवाना देणं, विक्रीच्या उत्पन्नाचं काय करायचं ते ठरवणं, व्यवस्थापनाच्या आराखड्यात बदल करणं, यावरच्या समितीच्या निर्णयांना ग्रामसभेची मंजुरी लागते. तुम्ही सचिव आहात. उद्या कुणी तुमच्या पुढ्यात कागद सरकवला तर एवढंच म्हणा, “ग्रामसभेत वाचून दाखवते, मग सही.” जो माणूस यावर चिडेल, त्याच्याशी व्यवहार करू नका.

दिराच्या शेताकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती शेवटी, ओशाळून लिहिली आहे.

तो कसतो ती जबरानजोत, म्हणजे वनजमिनीवरची पट्ट्याविना शेती, १३ डिसेंबर २००५ च्या आधीची असेल, तर त्यावर त्याचा वैयक्तिक हक्क बनतो. सासऱ्यांच्या वेळेपासूनची आहे असं तुम्ही म्हणता, म्हणजे बनायलाच हवा. तुम्ही अनुसूचित जमातीचे आहात की नाही ते पत्रात नाही. नसाल तर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या जंगलावर जगत आल्याचा पुरावा लागतो. ते अवघड आहे, पण अशक्य नाही. दावा फेटाळताना कारण लेखी कळवावं लागतं. ते मिळाल्यापासून ६० दिवसांत दावे तपासणाऱ्या वरच्या सरकारी समितीकडे दाद मागता येते, आणखी ३० दिवस वाढवूनही मिळतात. माझ्या पाहण्यात असे कितीतरी दावेदार आले की ज्यांना नाकारल्याचा कागदच कधी पोहोचला नव्हता. कुणीतरी तोंडी सांगितलं, “तुझं नाही झालं,” आणि माणूस गप्प बसला. तुमच्या दिराला विचारा, कागद मिळाला का? मिळाला नसेल तर आधी तो मागायचा.

उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा नाकारला असेल, तर तेवढं कारण पुरत नाही. तसं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांच्या जागी नाही, असं नियमांतच लिहिलं आहे. गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं, जुनी दंडाची पावती, बांध, विहीर, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. वनखात्यानं कधीकाळी सासऱ्यांना अतिक्रमणाचा दंड केला असेल तर ती पावती आज सोन्यासारखी आहे. ज्या कागदानं त्यांना गुन्हेगार ठरवलं, तोच कागद ते त्या साली तिथे कसत होते याची साक्ष देतो. घरातल्या जुन्या ट्रंका उघडा.

२०१९ साली, १३ फेब्रुवारीला, दावे नाकारले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला होता. १५ दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, त्याला स्थगिती मिळाली, आणि नाकारलेले दावे नीट तपासले गेले का हा प्रश्न देशभर पुढे आला. ते १५ दिवस मला आठवतात. माणसं रात्री-बेरात्री फोन करून विचारत होती, आता आम्ही कुठे जायचं? तुमच्या दिरानंही ते दिवस काढलेत. “ज्याची त्याला द्या” हे वाक्य त्या भीतीतून येत असेल, तर वाद जिंकून ते जाणार नाही. त्याच्या हातात त्याच्या शेताचा कागद पडला पाहिजे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. जंगल एकत्र ठेवण्यावर त्याच्याशी सध्या एक शब्दही बोलू नका. त्याच्या दाव्याचं काम हातात घ्या. गावात असे नाकारलेले आणखी किती आहेत त्याची यादी करा, आणि ग्रामसभेच्या ठरावानं सगळे दावे एकत्र वर पाठवा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, म्हणून जावेलाही बरोबर घ्या. वाटणी मागणाऱ्या पोरांपैकी किती जण या यादीत निघतात ते बघा. बरेच निघतील असा माझा अंदाज आहे.

आता तुम्ही विचारलंत ते. जंगल एकत्र का राहावं?

स्वित्झर्लंडमध्ये ट्योर्बेल नावाचं डोंगरातलं एक गाव आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी सामाईक मालमत्तेवर आयुष्यभर काम केलं, त्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि हे गाव त्यांनी उदाहरण म्हणून वापरलं. तिथे धान्याची शेतं, बागा, गवताची कुरणं ज्याची त्याची, शेकडो वर्षांपासून. पण उन्हाळ्यात गुरं चारायची उंचावरची चराई आणि जंगल गावाचं. असं का केलं असेल? शेतात एका माणसाचे कष्ट एका तुकड्यावर पडतात आणि त्याच तुकड्यातून पीक येतं. डोंगरावरच्या चराईचं तसं नसतं. एका वर्षी गवत या उतारावर येतं, दुसऱ्या वर्षी त्या. तुकडे पाडले तर निम्म्या घरांना त्या वर्षी काहीच मिळणार नाही, आणि कुंपणाला, राखणीला गवताच्या मोलापेक्षा जास्त खर्च येईल.

तुमच्या जंगलाचंही हेच आहे. ८४ तुकडे पाडा. बांबू कुणाच्या तुकड्यात येईल? ओढ्याकाठच्या दहा-बारा घरांच्या. मोहाची मोठी झाडं? आणखी वीस जणांच्या. खडकाळ माळ ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना उरेल गवत. नाल्याच्या वरच्या अंगाला एकानं झाडं तोडली तर खालच्या पाच घरांचं पाणी आटेल, आणि ते काही करू शकणार नाहीत, कारण जमीन “ज्याची त्याची”. वणवा तर हद्द ओळखतच नाही. आणि गुरं? त्यांना आज हजार एकरांवर फिरायची सवय आहे. बारा एकरांत ती कशी मावणार, आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात शिरली की रोज भांडण कोण सोडवणार? दीर शेताचा विचार जंगलाला लावतो आहे. शेताला तो बरोबर आहे. म्हणूनच शेत त्याच्या नावे होऊ द्या आणि जंगल गावाच्या नावे राहू द्या. त्याला निवड करायला लावू नका, कायद्यात दोन्हींसाठी वेगवेगळी दारं आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती बायकांची. घरटी वाटणी होते तेव्हा ती पुरुषांच्या नावे होते. भूमिहीन, एकट्या, नांदायला आलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला जंगलात आज जो शिरकाव आहे तो गावचं जंगल म्हणून आहे. सरपण, मोहफुलं, रानभाजी, चारोळी यांसाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही. तुकडे झाले की ती कुणाच्या तरी तुकड्यात चोर ठरेल. हे ग्रामसभेत तुम्ही सांगू नका, अशा एखाद्या बाईला सांगू द्या. त्या चौघींच्या चाळीसजणी करा. बैठक दुपारच्या कामाच्या वेळी न ठेवता रात्री जेवणं झाल्यावर ठेवा, आणि ओट्यावर न ठेवता बायका सहज बसतील अशा जागी ठेवा. एवढ्यानंही गणपूर्तीचा निम्मा प्रश्न सुटतो.

पण “एकत्र राहावं” असं नुसतं म्हणून ते राहत नाही. ट्योर्बेलला १५१७ सालचा एक नियम आहे. हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर जितकी गुरं पोसता येतात, तितकीच उन्हाळ्यात गावच्या चराईवर न्यायची. पाचशे वर्षांपूर्वीचा हा नियम मला फार आवडतो. तो मोजायला सोपा आहे, आणि प्रत्येक शेजाऱ्याला दिसतो. श्रीमंतानं बाहेरून गुरं विकत आणून गावची चराई फस्त करू नये, ही सोय त्यात आहे. तुमच्या गावाला असे दोन-तीनच नियम लागतील, पण ते गावानंच घालायला हवेत.

तुमच्या शेजारचंच बघा. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्या गावाला हजारावर हेक्टरचा सामूहिक पट्टा मिळाला. त्यांनी बसून नियम केले, आणि तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदूचा पैसा हातात रोख येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, तो सोडणं सोपं नाही. पण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते, आणि त्यानं जंगल मागे जातं, असं त्यांना दिसलं. त्यांनी बांबूवर भर दिला आणि बांबू ग्रामसभाच विकते. मी तुम्हाला तेंदू बंद करा म्हणत नाही. तुमच्याकडे तेंदूवर किती चुली अवलंबून आहेत ते तुम्हालाच माहीत. मी सांगते आहे ते एवढंच, की मिळणारा पैसा नाकारण्याइतकी ताकद एका गावात येऊ शकते, आणि ती पट्टा मिळाला म्हणून आली नाही, नियम आपण केले म्हणून आली. अमरावतीच्या पायविहीरनं तर उजाड १९२ हेक्टर घेतले, ते राखून वाढवले, आणि तिथली सीताफळं गावानं स्वतः विकली.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुमच्याच जिल्ह्यात किंवा शेजारी असेल, नाव तर ऐकलंच असेल. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार,” ही घोषणा तिथली. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक पट्टा मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तरी बांबू विकायला निघाले तेव्हा वाहतूक परवाना मिळेना. तो हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावं लागलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. म्हणजे पट्टा मिळाल्यावरही अधिकार वापरायला दोन वर्षं झगडावं लागलं. तुमच्या गावाला सहा वर्षं लागली म्हणून खजील होऊ नका. पण मेंढ्याकडून घ्यायची गोष्ट ती लढाई नव्हे. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाची हरकत असली तरी निर्णय लांबतो. आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. कायदा वाचतात, कुणाला तरी बोलावून विचारतात, पुन्हा वाचतात. ज्या विषयाची माहिती नाही त्यावर हात वर करायला कुणाला लावत नाहीत.

पुढे २०१३ साली मेंढ्यानं आपल्या शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. विनोबांना १९५१ साली पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं आणि पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातलं मंगरोठ हे पहिलं ग्रामदान झालं, त्याच वाटेवरचा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे हा. त्यात कसणारा कसतच राहतो, मालकी मात्र गावाची होते. मी याचा आदर करते, पण तुम्हाला ती वाट आत्ता सुचवत नाही. ज्या गावात बांबूचा हिशेब लागत नाही, त्या गावात कुणी आपली शेतं सामाईक करणार नाही, करूही नयेत.

म्हणून आता कामाचं सांगते.

आधी पेटीतला कागद बाहेर काढा. मूळ प्रत ग्रामसभेच्या कपाटात, एक झेरॉक्स तुमच्याकडे, एक शाळेत, एक दिराकडे. हो, दिराकडे. मग रात्रीच्या बैठकीत तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा. काही गोष्टी बारकाईनं बघा. पट्टा ग्रामसभेच्या नावे आहे की चुकून वनखात्याच्या जुन्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या नावे निघाला आहे? जंगलाचे कक्ष क्रमांक आणि हेक्टर दाव्यात मागितले तेवढेच आहेत का? कायद्यात नसलेली एखादी अट कुणी घुसडली आहे का? नकाशा जोडला आहे का? हक्काची नोंद महसूल आणि वनखात्याच्या अभिलेखात तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी होती, ती झाली का? चूक सापडली तर ग्रामसभेचा ठराव करून जिल्हास्तरीय समितीकडे दुरुस्ती मागा.

मग हद्द चाला. एक दिवस ठरवा, घरटी एक माणूस, म्हातारे आणि पोरं दोन्ही. म्हाताऱ्यांना देवाची जागा, जुना पाणवठा, शेजारच्या गावाशी ठरलेली खूण माहीत असते. पोरांच्या हातात मोबाइल असतो, त्यावर नोंद घेता येते. दिराला पुढे राहायला सांगा. वाटणी मागणाऱ्यांनी ते ४१२ हेक्टर कडेनं चालून बघितलं पाहिजे. मी अशा फेऱ्यांना गेले आहे. दुपारपर्यंत माणसं भांडत चालतात, आणि कुठेतरी ताज्या तुटलेल्या बांबूची खुंटं सापडतात, बाहेरच्या कुणीतरी नेलेला. तिथे सगळे गप्प होतात. “हे कुणी नेलं?” असं जो पहिला विचारतो, तो बहुतेक वेळा वाटणी मागणाराच असतो.

तिसरं काम सगळ्यात कठीण. हिशेब. मागच्या तीन विक्रींचा हिशेब जुन्या अध्यक्षांकडे मागायचा आहे. त्यांना चोर ठरवून मागू नका. तुमच्या पत्रावरून मला ते चोर वाटत नाहीत, वही न ठेवणारे वाटतात, पण माझी चूक होऊ शकते. त्यांना घरी जाऊन भेटा, एकट्या नको, समितीच्या आणखी दोघांबरोबर. “काका, जेवढं आठवतं तेवढं लिहून काढू,” असं म्हणा. जिथे पावती नाही तिथे “पावती नाही” असंच लिहा. आणि तो कागद, जसा असेल तसा, ग्रामसभेत वाचा. पुढे मात्र एक नियम कायमचा करा. विक्रीचे पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यातच, सही दोघांची, त्यातली एक बाई, आणि प्रत्येक विक्रीनंतर किती नग, काय भाव, किती मजुरी, किती शिल्लक, एवढ्या चार गोष्टी शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहायच्या. कागद हरवतो, भिंत हरवत नाही. शिलकीतला काही भाग भूमिहीन घरांसाठी बाजूला काढायचा का, हेही त्याच बैठकीत विचारा. माझं मत विचाराल तर काढावा. ज्याच्याकडे शेत नाही, जंगल गावाचं आहे हे त्याला सगळ्यांआधी हातात दिसायला हवं.

हे सगळं होईपर्यंत वाटणीचा विषय ग्रामसभेपुढे आणू नका. कुणी आणला तर, “आधी कागद वाचू, हद्द चालू, हिशेब ऐकू, मग त्यावर बसू,” एवढंच म्हणा. हे टाळणं नव्हे. लोकांना माहिती मिळाली पाहिजे, आणि आज ती कुणाकडेच नाही, दिराकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. तुम्हीच लिहिलंत ना, “का, ते मला नीट सांगता येत नाही.”

आता घरचं. सासूबाईंना तुम्ही घर फोडता आहात असं वाटतं, कारण दिराच्या ठरावाला तुम्ही हात वर केला नाही हे त्यांनी पाहिलं, त्याच्यासाठी काही करताना अजून पाहिलं नाही. दिराच्या दाव्यासाठी सासऱ्यांच्या काळातल्या आठवणी लागणार आहेत. कुठल्या साली नांगर घातला, कोण बरोबर होतं, दंड कधी भरला, हे सासूबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि त्या सांगतील तसं लिहा. ते लेखी सांगणं दाव्याला जोडता येतं, ही कायद्याची गोष्ट झाली. पण मला वाटतं, मोठ्या सुनेनं आपलं सांगणं शब्दन् शब्द लिहून घेतलं हे त्यांना फार दिवस लक्षात राहील. दीर दारात उभा राहून ऐकेल, मध्येच एखादं साल दुरुस्त करेल. बोलायला तेवढं निमित्त पुरे आहे, माफी मागायची गरज ना त्याला ना तुम्हाला.

दिराचा दावा नाकारल्याचा कागद सापडला तर त्यावरची तारीख आणि कारण मला कळवा, आणि पट्ट्याच्या ज्या पानावर हद्दी लिहिल्या आहेत त्या पानाची झेरॉक्स पाठवा. तेंदूचे ठेके ठरायच्या आत पाठवलीत तर मी त्याआधी उत्तर देईन.